एक दप्तर, तीन शाखा : बिदर-कलबुर्गीच्या महसूल नोंदी आणि डेटाबेस मायग्रेशनचा प्रश्न

३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत भालकी, उदगीर आणि जहिराबाद हे तीन तालुके एकाच बिदर जिल्ह्यात होते. त्यांच्या जमिनींच्या नोंदी एकाच नमुन्यात होत्या, त्यांना एकच कायदा लागू होता आणि वरच्या कचेऱ्यांतले त्यांचे जुने कागद एकाच भाषेत, म्हणजे उर्दूत, होते. दुसऱ्या दिवशी राज्य पुनर्रचना कायदा अंमलात आला. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड तालुका, निर्णा सर्कल वगळून जहिराबाद तालुका आणि बिदर तालुक्यातील न्याळकल सर्कल आंध्र प्रदेशात गेले. उरलेला बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातून कोडंगल व तांडूर हे तालुके आंध्राला जोडले गेले आणि बाकीचा जिल्हा म्हैसूरकडे आला. एका दप्तराच्या अशा तीन वाटण्या झाल्या आणि त्यानंतर प्रत्येक वाटणीत आपापल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे फेरबदल होत गेले.

संगणकशास्त्रात ज्याला डेटाबेस मायग्रेशन म्हणतात, त्यातील सर्वात अवघड प्रकार नेमका हा आहे. आज्ञावलीच्या दोन किंवा अधिक शाखा फुटतात, प्रत्येक शाखेत डेटाबेसची रचना वेगवेगळ्या दिशेने बदलते आणि मग कधीतरी त्या शाखा एकत्र आणण्याची वेळ येते. पदविका वर्गांना डेटाबेस शिकवणारे अध्यापक हा विषय बहुधा परकीय दुकानाच्या किंवा ग्रंथालयाच्या उदाहरणावरून समजावतात. सीमाभागातील विद्यार्थ्याच्या घरात मात्र याचे उदाहरण पेटीत बांधून ठेवलेले असते. त्या उदाहरणावरून हा विषय उलगडून दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भाषा शिकवणाऱ्या अध्यापकांचाही त्यात वाटा आहे. तो कसा, हे लेखाच्या उत्तरार्धात येईल.

मायग्रेशन म्हणजे काय

डेटाबेसला दोन अंगे असतात. तक्ते, त्यांतील रकाने आणि रकान्यांचे नियम ही त्याची रचना, म्हणजे स्कीमा. आणि त्या रकान्यांत भरलेली माहिती. वापर सुरू झाल्यावर रचना बदलावी लागते. एखादा रकाना वाढतो, एखादा फुटून दोन होतात, एखाद्याचे एकक बदलते. असा प्रत्येक बदल तोंडी सांगून किंवा थेट चालू डेटाबेसमध्ये करून चालत नाही. तो एका छोट्या फाईलमध्ये लिहितात, तिला क्रमांक देतात आणि कोणता बदल कधी लागू झाला याची नोंद डेटाबेसमध्येच एका वेगळ्या तक्त्यात ठेवतात. ही फाईल म्हणजे मायग्रेशन. कोऱ्या डेटाबेसवर पहिल्या मायग्रेशनपासून शेवटच्या मायग्रेशनपर्यंत सर्व बदल क्रमाने चालवले की आजची रचना तयार झाली पाहिजे, अशी अपेक्षा असते.

महसूल दप्तराशी परिचय असलेल्याला यात काही नवे वाटणार नाही. हैदराबाद संस्थानात मोजणी आणि बंदोबस्त झाल्यावर गावाचे सेतवार तयार होई. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, पट्टेदार अशी ती मूळ मांडणी. त्यानंतर वारसा, राजीनामा, विक्री यांमुळे पट्ट्यात जे बदल होत, ते दरवर्षी जमाबंदीच्या वेळी फैसलपट्टीत चढत. सेतवार ही मूळ रचना आणि फैसलपट्टी ही बदलांची क्रमवार वही. महाराष्ट्रात हेच काम गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, करते. सातबाऱ्यावर एखाद्याचे नाव कमी झाले तर ते खोडून नाहीसे करत नाहीत. त्या नावाला कंस करतात आणि ज्या फेरफाराने ते कमी झाले त्याचा क्रमांक वर्तुळात लिहितात. फेरफार चुकला असेल तर जुना फाडत नाहीत, दुरुस्तीचा नवा फेरफार घेतात.

मायग्रेशनचा पहिला नियम हाच आहे. एकदा कुठेही लागू झालेली मायग्रेशन फाईल नंतर बदलायची नाही. फ्लायवे नावाचे साधन तर लागू झालेल्या प्रत्येक फाईलचे बेरीज-अंक जपून ठेवते आणि फाईलमध्ये मागाहून कोणी बदल केला तर तपासणीच्या वेळी काम थांबवते. ज्या विद्यार्थ्याला हा नियम जाचक वाटतो, त्याला तलाठ्याने किंवा ग्राम लेखापालाने जुना फेरफार गुपचूप बदलला तर काय होईल एवढेच विचारावे. (जाता जाता : दप्तर, जमाबंदी, तहसील, वसूल, बाकी हे सारे शब्द फारसी-अरबीतून आलेले असून ते तीनही राज्यांत आजही चालतात. शब्दांची ही एक स्कीमा मात्र १९५६ साली फुटली नाही.)

फाटा कुठे फुटला

१९५६ पूर्वीचा पाया तिन्ही वाटण्यांना समान होता. हैदराबाद जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर १३५८ फसलीत, म्हणजे १९४९ साली, जहागिरी रद्द झाल्या आणि हक्कनोंदणीचा विनियमही त्याच वर्षी झाला. १९५० साली हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. त्यानंतर १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक तयार झाले. फाटा फुटण्यापूर्वीचा हा शेवटचा मोठा समान दस्तऐवज. म्हणूनच लातूरपासून संगारेड्डीपर्यंत कोणत्याही जुन्या वादात वकील प्रथम खासऱ्याची नक्कल मागतो. संगणकाच्या भाषेत तो दोन्ही शाखांचा समान पूर्वज होय. शाखा जुळवताना साधन सर्वात आधी हा पूर्वजच शोधते, कारण कोणी काय बदलले हे पूर्वजाशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पुढे काय झाले ते पाहावे. म्हैसूर राज्याने १९६४ साली स्वतःचा जमीन महसूल कायदा केला आणि त्याखाली आरटीसी, म्हणजे हक्क, कुळवहिवाट व पीक यांचा एकत्रित उतारा, नमुना १६ मध्ये देण्याची पद्धत बसवली. लोक त्याला आजही पहाणी म्हणतात. महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता १९६६ ची. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि तिथे हक्कासाठी नमुना ७ व पिकासाठी नमुना १२ अशी जोडी स्थिरावली. आंध्रात गेलेल्या भागात १३१७ फसलीचा कायदा चालू राहिला आणि १९७१ साली हक्कनोंद व पट्टादार पासबुकाचा कायदा त्याच्या जोडीला आला.

कुळकायद्याची कथा याहून बोलकी आहे. १९५० चा हैदराबाद कायदा मराठवाड्यात आणि तेलंगणात पुढे चालू राहिला. बिदर-गुलबर्ग्यात मात्र त्याची जागा १९६१ च्या भूसुधारणा कायद्याने घेतली. त्या कायद्यातील दुरुस्तीप्रमाणे १ मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यातील जमिनी सरकारात निहित झाल्या आणि कुळाने भोगवट्याचा हक्क मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा, अशी व्यवस्था झाली. त्या अर्जाचा नमुना कोणता? नमुना ७.

म्हणजे एकाच जुन्या जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत ‘नमुना ७’ या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत. निलंग्यात तो हक्काचा उतारा, तर भालकीत तो कुळाने केलेला दावा. औरादच्या एखाद्या वृद्धाने ‘आमच्याकडे सात नंबरचा कागद आहे’ असे सांगितले, तर तो कागद हक्क सिद्ध करतो की हक्क मागतो, हे राज्य विचारल्याशिवाय ठरत नाही.

हुबेहूब असाच घोटाळा संगणक प्रयोगशाळेत रोज होतो. दोन विद्यार्थी सहाव्या मायग्रेशनपासून वेगळे होतात आणि दोघेही आपापल्या शाखेत पुढच्या फाईलला सातवा क्रमांक देतात. शाखा एकत्र करताना गिटला त्यात काही वावगे दिसत नाही, कारण फाईलींची पूर्ण नावे वेगळी असतात. डेटाबेसच्या नोंदीत मात्र ‘सातवी लागू झाली’ एवढेच असेल, तर दुसरी सातवी कधीच चालत नाही. रेल्स या प्रणालीत पूर्वी असे सरळ क्रमांक होते. २००८ सालच्या २.१ आवृत्तीपासून तिथे क्रमांकाऐवजी फाईल तयार झाल्याची तारीख-वेळ वापरू लागले. त्यामुळे नावांची टक्कर टळली. क्रमाचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण आधी लिहिलेली फाईल नंतर लागू होऊ शकते.

जँगो प्रणालीने १.७ या २०१४ च्या आवृत्तीपासून वेगळी वाट धरली. तिथे प्रत्येक मायग्रेशन आपण कोणत्या मायग्रेशनवर उभे आहोत हे स्वतःच सांगते. एकाच पूर्वजावर दोन सातव्या उभ्या राहिल्या की प्रणाली दोन टोके झाल्याचे सांगून थांबते आणि दोघींना पूर्वज मानणारी एक जोड-मायग्रेशन मागते. अलेम्बिक या साधनातही असेच आहे. क्रमांकापेक्षा पूर्वज महत्त्वाचा, ही समज या पद्धतीत आहे, आणि ती योग्यच म्हटली पाहिजे. परंतु जोड-मायग्रेशन बहुधा रिकामी असते. दोन बदलांचा अर्थ एकमेकांशी जुळतो की नाही, हे ती तपासत नाही. ते काम माणसाचेच.

गुलबर्गा, यादगीर, कलबुर्गी : एक प्रयोग

हा मुद्दा वर्गात दाखवायला दूर जावे लागत नाही. ३० डिसेंबर २००९ रोजी गुलबर्गा जिल्ह्यातून यादगीर, शहापूर व शोरापूर हे तालुके काढून यादगीर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. समजा, एका महाविद्यालयाच्या प्रवेश-नोंदीत तालुका आणि जिल्हा असे दोन रकाने आहेत आणि ही नोंद अनेक वर्षांत अद्ययावत झालेली नाही. ते काम दोन विद्यार्थ्यांना वाटून दिले. पहिल्याने आपल्या शाखेत लिहिले : जिल्हा गुलबर्गा आणि तालुका या तिघांपैकी एक असेल, तर जिल्हा यादगीर करावा. दुसऱ्याने आपल्या शाखेत लिहिले : जिल्हा गुलबर्गा असेल तेथे कलबुर्गी करावे. दोघांनीही आपापले काम स्वतंत्रपणे तपासले आणि दोघांचेही बरोबर निघाले.

शाखा एकत्र केल्या आणि दुसऱ्याची फाईल आधी चालली, तर पहिल्याच्या फाईलला ‘गुलबर्गा’ नावाची एकही ओळ सापडत नाही. ती शून्य ओळी बदलते आणि काम यशस्वी झाल्याचे कळवते. कोणतीही चूक पडद्यावर दिसत नाही. शहापूरची सर्व मुले कलबुर्गी जिल्ह्यात राहतात आणि ही गोष्ट लक्षात येते ती शिष्यवृत्तीचा अर्ज जिल्हा जुळत नाही म्हणून परत आल्यावर.

डेटाबेस मोडला तर निदान कळते. चुकीच्या क्रमाने सुरळीत चाललेले मायग्रेशन अधिक घातक असते. त्यावर उपाय दोन आहेत. नावावर अट न घालता तालुक्याच्या संकेतांकावर घालावी, म्हणजे नाव केव्हाही बदलले तरी अट चुकत नाही. आणि प्रत्येक मायग्रेशनने आपण किती ओळी बदलल्या ते मोजून, अपेक्षित संख्या आली नाही तर स्वतः थांबावे. दोन्ही उपाय विद्यार्थ्यांनी प्रयोगात मुद्दाम चुकीचा क्रम लावून पाहावेत. एकदा शून्य ओळींचा ‘यशस्वी’ संदेश पाहिलेला विद्यार्थी तो सहसा विसरत नाही.

आणखी एक प्रश्न चांगले विद्यार्थी स्वतःच विचारतात. २००५ साली दाखला घेतलेल्या शहापूरच्या मुलीचा जिल्हा आज बदलावा का? तिच्या दाखल्यावर गुलबर्गा आहे आणि त्या दिवशी ते खरेच होते. येथे जिल्हा हा एकच रकाना अपुरा पडतो. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणता जिल्हा, अशी नोंद लागते. महसूल दप्तरात वर्षनिहाय पाहणी असते ती यासाठीच.

परतीचा रस्ता नसलेले बदल

मायग्रेशनला उलट फिरवण्याची सोय ठेवावी, असे पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते. प्रत्यक्षात अनेक बदल उलट फिरत नाहीत, हे एककांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

कर्नाटकात क्षेत्र एकर-गुंठ्यात राहिले, महाराष्ट्रात ते हेक्टर-आरमध्ये गेले. ४ एकर २० गुंठे म्हणजे १८० गुंठे. एक गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर धरला तर हे क्षेत्र १८,२१० चौरस मीटरच्या आसपास येते. म्हणजे १ हेक्टर ८२ आर आणि वर सुमारे १० चौरस मीटर. आरपर्यंतच लिहायचे ठरवले की ते दहा मीटर गेले. उलट फिरवले तर १८० गुंठे परत येत नाहीत, १७९.९ येतात. एका शेतात हे क्षुल्लक आहे. पोटहिस्से पडत गेले आणि प्रत्येक वेळी असेच पूर्णांक केले, तर हिश्श्यांची बेरीज मूळ नंबराशी जुळेनाशी होते.

हिश्श्यांचे उदाहरण वर्गात आवर्जून करावे. एक खातेदार वारला. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. शरीअतप्रमाणे पत्नीला एक अष्टमांश, आणि उरलेल्या सात अष्टमांशात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे पत्नीला ३/२४, मुलाला १४/२४ आणि मुलीला ७/२४. जुन्या आणे-पैच्या पद्धतीत हे हिस्से अनुक्रमे २ आणे, ९ आणे ४ पै आणि ४ आणे ८ पै होतात. बेरीज बरोबर सोळा आणे, कुठेही अपूर्णांक नाही, कारण रुपयाच्या १९२ पैंना चोविसाने पूर्ण भाग जातो. हेच हिस्से दशांशात लिहिले तर ०.१२५, ०.५८३३… आणि ०.२९१६… असे आकडे येतात, आणि त्यांतील शेवटचे दोन कधी संपत नाहीत. रकाना दोन दशांश स्थळांचा असेल तर मुलीचा हिस्सा ०.२९ होतो. जुनी पद्धत मागासलेली आणि नवी अचूक, असा जो समज असतो तो येथे सपशेल चुकतो. हिस्सा साठवताना अंश आणि छेद असे दोन रकाने ठेवावेत. (मुलाचा १४/२४ हिस्सा म्हणजे ७/१२, हा योगायोग विद्यार्थ्यांना फार आवडतो.)

आकाराच्या रकान्यात वेगळाच सापळा आहे. संस्थानी काळातील आकार हाली शिक्क्याच्या रुपयांत लिहिलेला असे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. जुन्या कागदावर १४ रुपये आकार आहे म्हणून संगणकात १४ टाकले, तर आकडा बरोबर आणि माहिती चूक, कारण कलदारात तो १२ होतो. रकान्याच्या नावात एकक लिहिलेले नसेल तर पुढच्या पिढीला हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

तारखेचेही तसेच. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, असे सरधोपटपणे सांगितले जाते. परंतु हैदराबादचे सरकारी फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी आझर महिन्यापासून सुरू होई. त्यामुळे दै १३५६ हा १९४६ च्या नोव्हेंबरच्या सुमारास येतो, तर खुर्दाद १३५६ हा १९४७ च्या एप्रिलमध्ये. साधारणतः आझर व दै या महिन्यांना ५९० आणि इस्फंदारपासून पुढे ५९१. मधला बहमन दोन वर्षांत विभागला जातो. ‘साल अधिक ५९०’ एवढेच सूत्र मायग्रेशनमध्ये लिहिले, तर वर्षातील बहुतेक नोंदी एक वर्ष मागे जातात, आणि वारसाच्या वादात आधी कोण वारले यावर सारे अवलंबून असते.

रकाना काढून टाकणे हा शेवटचा आणि सर्वात कठोर बदल. तेलंगणात २०१७ नंतरच्या नोंद-शुद्धीकरणात आणि २९ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या धरणी प्रणालीत पट्टेदाराचे नाव राहिले, पण प्रत्यक्ष कसणाऱ्याचा, म्हणजे अनुभवदाराचा, जुन्या पाहणीतील रकाना गाळला गेला. कर्नाटकच्या आरटीसीत कसणाऱ्याची नोंद राहिली. २०२५ मध्ये धरणीची जागा भू भारती कायद्याने घेतली. संगणकशास्त्रात यासाठी सावध रीत सांगितली आहे. आधी नवा रकाना जोडावा, काही काळ दोन्ही रकाने भरावेत, जुन्यातील माहिती नव्यात आणून पडताळावी आणि कोणीही जुना रकाना वाचत नाही अशी खात्री झाल्यावरच तो काढावा. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात ‘कोणीही वाचत नाही’ हे ठरवणारा माणूस बहुधा तो रकाना ज्याच्या पोटापाण्याचा आहे तो नसतो.

गुलबर्ग्याचा धडा आणि ‘भूमी’

कर्नाटकात जमीन-नोंदींच्या संगणकीकरणाचा पहिला प्रायोगिक प्रकल्प १९९१ साली गुलबर्गा जिल्ह्यातच झाला. खर्च केंद्र सरकारचा होता. १९९६ पर्यंत सर्व जिल्ह्यांसाठी असे प्रकल्प मंजूर झाले. परंतु त्यांत तालुका पातळीवर संगणक बसवण्याची तरतूद नव्हती, आणि फेरफार तर तालुक्यात होत होते. एकीकडे संगणकात भरलेली माहिती, दुसरीकडे रोज बदलणारी हस्तलिखित वही. संगणकातील शाखा भरल्या दिवसापासूनच शिळी होऊ लागली. आज्ञावलीत दोष होता असे नाही. दोन शाखा एकाच वेळी जिवंत होत्या आणि लोक जिच्यावर विश्वास ठेवत होते ती कागदाची होती.

नंतरच्या ‘भूमी’ प्रकल्पाने हीच गाठ सोडवली. सुमारे ६७ लाख खातेदारांच्या सुमारे दोन कोटी नोंदी संगणकात आल्या. राष्ट्रीय सूचना केंद्राने तयार केलेली प्रणाली प्रत्येक तालुक्याला बसवली गेली. ग्राम लेखापालांनी छापील प्रती मूळ वहीशी ताडून पाहिल्या. आणि एकदा तालुका संगणकावर आला की हस्तलिखित आरटीसी वैध राहिली नाही, फेरफारही प्रणालीतूनच होऊ लागला. जुनी शाखा गोठवली, तीही तालुक्यागणिक. १५ रुपयांत उतारा मिळू लागला ही बातमी गाजली. तांत्रिक दृष्ट्या मोठी गोष्ट म्हणजे जुन्या वहीत लिहिणे थांबवण्याचा निर्णय. मात्र वहीत असलेली चूकही त्याच दिवशी गोठली, हेही विसरता येत नाही. तिच्या दुरुस्तीसाठी ज्या शेतकऱ्याला पुढे हेलपाटे घालावे लागले, त्याच्या दृष्टीने प्रकल्प तितकासा झटपट नव्हता.

महाराष्ट्राने वेगळा मार्ग घेतला. तिथे हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा बराच काळ शेजारी-शेजारी चालले, त्यामुळे दोहोंतील फरक साठत गेला. तो मिटवण्यासाठी खास दुरुस्तीची आज्ञावली वापरली गेली आणि २०१७ साली गावोगावी चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा आणि गावकऱ्यांनी चूक सांगायची. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. शाखा जितकी जास्त दिवस वेगळी चालते तितके तिला जुळवणे महाग पडते, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगले उदाहरण नाही. चावडी वाचनाची कल्पना मात्र संगणकवाल्यांनीही घेण्यासारखी आहे. जोडणीचा निकाल ज्यांची माहिती आहे त्यांच्यासमोर वाचून दाखवणे, ही तपासणी कोणतेही साधन स्वतःहून करत नाही.

तीन राज्यांच्या शाखा पुन्हा कधी एक होणार नाहीत. पण त्यांना जोडणारी गरज संपलेली नाही. माहेर उदगीर तालुक्यात आणि सासर औराद तालुक्यात असलेल्या स्त्रीचा वडिलांच्या जमिनीतला हिस्सा एका प्रणालीत आणि पतीच्या जमिनीतला दुसऱ्या प्रणालीत आहे. सर्व्हे नंबर तर फक्त गावापुरता वेगळा असतो, आणि गावांची नावेही पुन्हा पुन्हा येतात. केंद्र सरकारने २०२१ पासून प्रत्येक भूखंडाला त्याच्या अक्षांश-रेखांशावरून १४ अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक देण्यास आरंभ केला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नाव, नमुना, तालुका, राज्य यांपैकी काहीही बदलले तरी शेताची जागा बदलत नाही. ज्या गुणावर ओळख बेतायची तो शाखांच्या भांडणाबाहेरचा असावा, हे तत्त्व त्यात आहे. अर्थात त्या क्रमांकाने शेत ओळखले जाते, शेताचा मालक नव्हे.

उर्दू वाचणारे कुठे आहेत

कोणतेही मायग्रेशन बरोबर झाले की नाही हे ठरवायचे तर निकाल मूळ नोंदीशी ताडावा लागतो. येथे मूळ नोंद उर्दूत आहे, गावपातळीवर मराठीभाषक भागात पुष्कळदा मोडीतही. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी सर्वांच्या लक्षात आली. ही गरज बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतही तेवढीच आहे.

छापील उर्दू वाचता येणे यासाठी पुरेसे नाही. कचेरीतले अक्षर शिकस्ता वळणाचे असते. त्यात नुक्ते गाळलेले आणि अक्षरांचे दाते एका रेघेत ओढलेले असतात. काही कागदांत रकमा साध्या अंकांऐवजी सियाक या हिशेबी चिन्हांत आहेत. हसन आणि हुसेन या दोन नावांत उर्दू लिपीत एका दात्याचा आणि त्याखालच्या नुक्त्यांचा फरक. शिकस्त्यात दाता सपाट झाला आणि नुक्ते गेले की हसनसाब आणि हुसेनसाब एकसारखे दिसतात. या भागात सख्ख्या भावांची अशी नावे सर्रास असतात. त्या एका दात्यावर कोणाच्या नातवंडांना शेत मिळायचे ते ठरू शकते. ज्यांनी आयुष्यभर उर्दू शिकवली, त्या अध्यापकांकडे ही विद्या अजून आहे. ती मुशायऱ्यापुरती आणि परीक्षेपुरती ठेवली गेली, हे आपल्या संस्थांचे नुकसान आहे.

महाविद्यालयात दोन्ही विभागांना एकत्र घेऊन एक सोपा उपक्रम करता येतो. विद्यार्थ्यांच्या घरातील सेतवाराच्या किंवा खासऱ्याच्या नकलांपैकी, कुटुंबाच्या परवानगीने, एक पान निवडावे. उर्दूच्या दोन विद्यार्थ्यांनी ते पान एकमेकांना न दाखवता वाचावे आणि संगणकाच्या विद्यार्थ्यांनी दोन वेगळ्या शाखांत भरावे. मग दोन्ही शाखा गिटमध्ये ताडून पाहाव्यात. जेथे फरक निघेल त्या ओळी अध्यापकांनी मूळ पानावर बोट ठेवून वाचाव्यात. तक्त्यात मूळ वाचन, इसवी तारीख, एकक आणि वाचणाऱ्याची खूण असे रकाने वेगळे ठेवावेत. हाली रुपया कलदार करून लिहिला तरी हाली आकडा तसाच राहू द्यावा. आणि नावाचे वाचन खात्रीचे नसेल तेथे रकाना रिकामा न सोडता दोन्ही वाचने लिहावीत. निवड पुढच्या फेरफारावर सोपवावी आणि ती कोणत्या कागदाच्या आधारे झाली हे त्या फेरफारात नोंदवावे.